ऑर्किडची जोपासना व त्याच्या प्रकृतीचीं लक्षणें

कोंकणांत व घाटमाथ्यावर ज्यांची जमीन आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या आंब्या-फणसावर ऑर्किडचें एखादें झाड आपोआप वाढलेलें असतें. पावसाच्या तोंडावर त्यास वीतभर किंवा त्याहून लांब असा तुरा येतो व तो पांढऱ्या-जांभळ्या फुलांनीं गच्च भरून खालीं लोंबूं लागतो. आपल्याकडे त्यास 'सीतेची वेणी' म्हणतात. आसामांत याच जातीस 'कोपौ फूल' असें नांव असून तेथें बिहूच्या नाचांत मुली तें केसांत माळतात, व त्या राज्यानें त्यास राज्यपुष्पाचा मान दिलेला आहे. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणनेंत आपल्या देशांतील ऑर्किडच्या १,२५६ जातींची नोंद आहे. त्यांपैकीं सातशेंहून अधिक जाती झाडांच्या आश्रयानें राहणाऱ्या आहेत. मराठी शास्त्रीय ग्रंथांत या कुळास 'आमर' म्हटलें आहे. परंतु रोपवाटिकेंत व बाजारांत 'ऑर्किड' हाच शब्द चालतो, म्हणून या लेखांत तोच ठेवला आहे.

हल्लीं कांहीं बागायतदार सांवलीच्या जाळीचें घर, म्हणजे शेडनेट, उभारून तोडीच्या फुलांसाठीं डेन्ड्रोबियम जातीचीं ऑर्किडें लावूं लागले आहेत. या धंद्यांत प्रथमचा खर्च मोठा, फूल हातीं येण्यास वेळ लागतो, आणि झाडें बिघडूं लागलीं कीं एका पावसाळ्यांत सारें भांडवल कुजून जातें. असें होण्याचें मुख्य कारण निष्काळजीपणा हें नाहीं. शेतकरी काळजी घेतो, पण ती मिरचीची किंवा सुपारीची काळजी असते. मिरचीचें पान मलूल झालें कीं पाणी द्यावें, हें आपल्या अंगवळणीं पडलेलें आहे. ऑर्किडचें पान सुरकुतलें तर त्यास पाणी कमी पडलें असेल, किंवा पाणी जास्त होऊन मुळें कुजल्यामुळें पाणी पिण्याची शक्तीच त्यास उरली नसेल. वरून दिसणारें लक्षण एकच; कारणें मात्र एकमेकांच्या अगदीं उलट. दुसऱ्या प्रकारांत पाणी देणें म्हणजे उरलींसुरलीं मुळेंहि घालविणें होय.

महसूल खात्यांत बत्तीस वर्षें दप्तर सांभाळल्यामुळें म्हणा, मला पान व मूळ यांचा संबंध उताऱ्याची नक्कल व मूळ नोंदवही यांच्यासारखा वाटतो. नकलेवरून शंका घ्यावी. निकाल मात्र मूळ नोंद काढून पाहिल्यावांचून देऊं नये.

ऑर्किड व बांडगूळ.—प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. झाडावर वाढतें तें सर्व बांडगूळ, असें समजून पुष्कळ ठिकाणीं आंब्यावरील ऑर्किडें कोयत्यानें तासून टाकतात. बांडगूळ हा आंब्याचा खरोखरीच शत्रु आहे. त्याचीं शोषक मुळें सालींतून लांकडांत शिरतात, जोडाच्या जागीं फांदीस गांठ येते व त्यापुढील फांदी क्षीण होत जाते. ऑर्किडचें मूळ सालीवर नुसतें चिकटून बसतें. नखानें हळूच उचललें तर तें सुटून येतें व त्याखालील साल अखंड दिसते. तें झाडाचा रस घेत नाहीं. त्यास केवळ बसावयास जागा हवी असते. पावसाचें पाणी, दंव, सालीवर सांचलेली धूळ व पालापाचोळा यांवर त्याचें पोषण होतें. बांडगुळें काढण्यासाठीं गडी आंब्यावर चढविण्यापूर्वीं त्यास हा फरक फांदीवर बोट ठेवून दाखवावा, कारण कोयत्यास दोन्ही सारखींच.

आपल्या झाडावरील ऑर्किड जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें. रानांतून झाडें उपटून आणण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. राखीव वनांतून परवानगीवांचून वनोपज काढणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें अपराध आहे, आणि १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें ऑर्किडच्या सबंध कुळाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. शिवाय त्याची गरजहि राहिलेली नाहीं. ऑर्किडचें बीं धुळीसारखें बारीक असून त्यांत अंकुरासाठीं अन्नाचा सांठा नसतो. रानांत एका विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावांचून तें रुजत नाहीं. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं ओळखली. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील लुईस नडसन यानें साखर घातलेल्या पोषक द्रव्यावर, बुरशीच्या मदतीवांचून, कांचेच्या नळींत बीं रुजवून दाखविलें. आज रोपवाटिकेंत मिळणारीं बहुतेक रोपें अशाच रीतीनें, किंवा कोंबाच्या तुकड्यापासून, प्रयोगशाळेंत वाढविलेलीं असतात. तीं कुंडींत राहण्यास सोंकावलेलीं असल्यामुळें रानांतल्या रोपांपेक्षां टिकतातहि अधिक.

मुळांची रचना.—आतां मुख्य विषयाकडे वळूं. ऑर्किडच्या मुळाभोंवतीं मृत पेशींचें, स्पंजासारखें, पांढुरकें आवरण असतें. शास्त्रज्ञ त्यास 'व्हेलामेन' म्हणतात. पावसाची सर आली कीं हें आवरण टिपकागदाप्रमाणें पाणी शोषून घेतें व आंतील जिवंत भागास पुरवितें. तें कोरडें असतां मूळ रुपेरी करड्या रंगाचें दिसतें. ओलें झालें कीं आवरण पारदर्शक होऊन आंतील हिरवा रंग वर दिसूं लागतो. या एका खुणेवरून पाणी द्यावें कीं थांबावें हें लहान मुलासहि सांगतां येईल. मूळ करडें झालें असेल तर पाणी द्यावें. हिरवें असेल तर झारी खालीं ठेवावी.

येथें कोणी विचारील कीं, कोंकणांत वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असतां आंब्यावरील सीतेची वेणी चार महिने भिजूनहि कशी कुजत नाहीं? याचें उत्तर वाऱ्यांत आहे. फांदीवर पडलेलें पाणी थांबत नाहीं; तें निथळून जातें व दोन सरींच्या मधल्या वेळांत मुळास सर्व बाजूंनीं हवा लागते. ऑर्किडचें वैर पाण्याशीं नाहीं. तें न हलणाऱ्या पाण्याशीं आहे. कुंडींतील बारीक भुशाच्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं मूळ गुदमरतें, गुदमरलेलें मूळ मरतें, व मेलेल्या मुळावर बुरशी बसते. कुंडींत माती घालूं नये असें जें सांगतात त्याचें कारण हेंच.

मूळ तपासतांना रंगावर सर्वस्वीं विसंबूं नये. नारळाच्या सोडणांत वाढलेलीं मुळें सोडणाच्या रंगानें तपकिरी झालेलीं असतात, पण निरोगी असतात. म्हणून तें दोन बोटांत धरून दाबून पाहावें. जिवंत मूळ टणक लागतें, व वाढीस लागलेल्या मुळाचें टोंक हिरवें किंवा तांबूस असून तुकतुकीत दिसतें. कुजलेलें मूळ मऊ लागतें, दाबल्यास पाणी सुटतें, घाण येते, आणि ओढलें तर बाहेरील आवरण मोज्यासारखें निघून येऊन आंत बारीक तारेसारखा धागा उरतो. पाण्यावांचून मेलेलें मूळ याहून निराळें: तें चपटें, पोकळ व कागदासारखें कोरडें होतें. पहिल्या प्रकारचीं मुळें अधिक दिसलीं तर पाणी जास्त झालें. दुसऱ्या प्रकारचीं अधिक दिसलीं तर कमी पडलें. सुरकुतलेल्या पानाचा निकाल येथें लागतो.

आमच्या तालुक्यांतील एका बागायतदारांनीं सोसायटीचें कर्ज काढून शेडनेट उभारलें व सहाशें कुंड्या मांडल्या. रोपांबरोबर विक्रेत्यानें कुंड्या भरण्यासाठीं नारळाचा बारीक भुसा दिला होता. श्रावणांत पावसानें चार दिवस उघडीप दिली, तेव्हां पानें सुरकुतलेलीं त्यांच्या दृष्टीस पडलीं. उघडीप पडली म्हणून झाडें तहानलीं, असा त्यांनीं साहजिकच अर्थ केला व सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलें. गणपतीच्या दिवसांत मी तिकडे गेलों असतां एक कुंडी सहज उचलली, तों ती भिजलेल्या विटेसारखी जड लागली. झाड ओढलें तें मुळांसकट न येतां नुसतेंच हातांत आलें. शेडनेट ऊन अडवितें, पाऊस अडवीत नाहीं. आषाढांतील सर्व पाऊस त्या भुशांत जिरून बसला होता. त्या दिवसापासून पाणी बंद करून, ज्यांचीं थोडीं तरी टणक मुळें शिल्लक होतीं तीं झाडें नव्यानें कोळशांत लाविलीं. त्यांपैकीं पुष्कळशीं जगलीं. बाकीच्यांची रक्कम मात्र अंगावर पडली, व कर्जाचे हप्ते अद्याप चालूच आहेत.

कुंडी व भरण.—यावरून कुंडी कशानें भरावी हें ध्यानांत येईल. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, लांकडी कोळसा व विटांचे तुकडे हे तीन जिन्नस आपल्याकडे कोठेंहि मिळतात. सोडण ओल धरतें. कोळसा व वीट हवा खेळती ठेवतात. कोंकणांत कोळसा व वीट मिळून दोन भाग आणि सोडण एक भाग असावें. देशावरील कोरड्या हवेंत हें प्रमाण उलट करण्यास हरकत नाहीं. सोडण वापरण्यापूर्वीं आठ-दहा दिवस पाणी बदलीत भिजत ठेवावें, म्हणजे त्यांतील क्षार व तांबूस कस निघून जातो. समुद्रकांठच्या सोडणास याची विशेष गरज असते. वर्षा-दोन वर्षांनीं सोडण कुजून त्याचा भुसा होतो. तें बोटांत चुरडूं लागलें कीं बदलावें. कुंडी मातीची असल्यास तिच्या बाजूंसहि भोंकें असावीं. झाड लावतांना बुंधा भरणाच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर तेथूनच कुजण्यास प्रारंभ होतो. कुंड्या जमिनीवर न ठेवतां कमरेइतक्या उंच मांचीवर ठेवाव्या, म्हणजे खालून वारा लागतो व गोगलगायींचा उपद्रवहि कमी होतो. पावसाळ्याचे चार महिने जाळीच्या वर प्लास्टिकचा कागद ताणून, बाजू मोकळ्या ठेवाव्या. हा खर्च वाचविण्यासारखा नाहीं.

पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे सायंकाळपर्यंत पानें व विशेषतः पानांच्या बेचक्या कोरड्या होतात. उन्हाळ्यांत कोळसा-विटांच्या कुंडीस रोज, कडक उन्हांत दोनदांहि पाणी लागतें. पावसाळ्यांत आच्छादनाखालीं कित्येक दिवस मुळींच लागत नाहीं. वेळापत्रक करूं नये. कुंडी हातानें तोलून पाहण्याची संवय करावी. हात आठ दिवसांत शिकतो. देशावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें, व तें देत गेल्यास भरणावर व मुळांवर पांढरी पुटें चढतात आणि मुळांचीं टोंकें काळीं पडतात. अशा ठिकाणीं पागोळ्यांचें पाणी टाक्यांत सांठवून वापरणें उत्तम. खताच्या बाबतींतहि हाच नियम. १९:१९:१९ सारख्या विद्राव्य खताचें प्रमाण लिटर पाण्यास अर्धा ते एक ग्रॅम याहून जास्त नसावें, तें वाढीच्या दिवसांतच आठवड्यांतून एकदां द्यावें, व तेंहि मुळें आधीं साध्या पाण्यानें ओलीं करून. महिन्यांतून एक-दोन वेळां नुसत्या पाण्यानें कुंडी धुऊन काढावी. शेणखत कितीहि मुरलेलें असलें तरी कुंडींत घालूं नये. तें पोकळ्या बुजवितें.

उजेडाचा हिशेब पानाच्या रंगावरून करावा. येथें मात्र नक्कल विश्वासार्ह आहे. गर्द हिरवें, लुसलुशीत पान दिसण्यांत सुरेख, पण तें उजेड कमी असल्याचें लक्षण होय. असें झाड वाढतें परंतु फुलत नाहीं. योग्य उजेडांत पान किंचित् पोपटी असतें. तें पिंवळट किंवा तांबूस होऊं लागलें तर ऊन जास्त झालें. डेन्ड्रोबियमला साधारणपणें निम्मा प्रकाश अडविणारी जाळी पुरते. हौशी लोक ज्यास 'फुलपांखरी ऑर्किड' म्हणतात त्या फॅलेनॉप्सिसला याहून बरीच दाट सांवली लागते. ओटीवरील पूर्वेचा उजेड त्यास पुरेसा होतो. या दोन जाती एकाच जाळीखालीं ठेवून दोघीही फुलाव्या अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे.

खोटीं लक्षणें.—रोग ओळखण्यापूर्वीं, जो रोगच नव्हे तो ओळखतां आला पाहिजे. डेन्ड्रोबियमची जुनी कांडी खालून एक एक पान पिंवळें करून टाकते. हें वयाचें लक्षण आहे. आपल्या सह्याद्रींतील कांहीं रानटी डेन्ड्रोबियम जाती तर पानें सर्वस्वीं टाकतात, कोरड्या काटक्यांसारख्या दिसतात, आणि त्या निष्पर्ण कांड्यांवरच फुलतात. अशा कांड्या मेल्या समजून कापणारे पुष्कळ आढळतात. पानें गळलेली कांडी हें झाडाचें कोठार आहे. ती टणक असेपर्यंत तिला हात लावूं नये. पान न गळणाऱ्या जातींचें अगदीं तळचें एक पान वर्षांतून पिंवळें झालें तरी घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र वरचें, कोंवळें पान पिंवळें झालें, किंवा एका वेळीं तीन-चार पानें पिंवळीं झालीं, तर कुंडी त्याच दिवशीं उपसून मुळें पाहावीं.

तसेंच, फूल आलें म्हणजे झाड निरोगी, हाहि भ्रम होय. मुळें गेलेलें झाड कधीं कधीं आपला सांठा खर्चून फुलतें. सुरकुतलेल्या झाडास तुरा आला तर तो मन घट्ट करून कापावा. कांडीच्या शेंड्यावर फुलांच्या जागीं मुळें असलेलीं लहान पिल्लें फुटूं लागलीं, तर खालच्या मुळांत कांहीं बिघाड आहे काय हें पाहावें. पुष्कळदां तो असतो.

कळ्या फुलण्यापूर्वींच पिंवळ्या होऊन गळतात, याचीं कारणें अनेक आहेत: अकस्मात् उष्मा, कोरडा वारा, कुंडी जागेवरून हलविणें. आपल्या घरांत त्यांत आणखी एकाची भर पडते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु सुटतो व तो ऑर्किडच्या कळ्यांस आणि फुलांस बाधतो. वैशाखांत आंब्याची अढी ज्या खोलींत घातली असेल, त्या खोलींत कळ्यांची कुंडी किंवा तोडलेलीं फुलें ठेवूं नयेत.

खरे रोग.—पानावरील डागांत पहिला प्रश्न असा विचारावा कीं, डाग कोरडा आहे कीं ओला, व तो वाढतो आहे काय? उन्हानें भाजलेला डाग पानाच्या वरच्या, उन्हाकडील बाजूस येतो. तो आधीं फिकट, मग तपकिरी व कोरडा होतो आणि तेथेंच थांबतो. तो विद्रूप असला तरी निरुपद्रवी असतो. जिवाणूंमुळें होणारी सड याच्या उलट. पानावर पाण्यानें भिजल्यासारखा ठिपका उमटतो, दुर्गंधि सुटते, व दोन-तीन दिवसांत सबंध पान गळून पडतें. कडेवर पेनानें खूण करून ठेवावी. दुसऱ्या दिवशीं डाग खुणेबाहेर गेला असेल तर वाट पाहूं नये. निरोगी भागांतून बोटभर आंत येऊन कापावें, जखमेवर दालचिनीची कोरडी पूड दाबावी, आणि झाड वेगळें ठेवून पानांवर पाणी पडूं देऊं नये. दालचिनीनें ओल सुकते. म्हणूनच ती मुळांवर मात्र टाकूं नये.

पावसाळ्यांतील सर्वांत भयंकर रोग म्हणजे काळी सड. तिचें मूळ कारण असलेला फायटोफ्थोरा हा सुपारीवरील कोळेरोगाचा भाऊबंदच आहे. बुंध्याकडून किंवा शेंड्याकडून जांभळट-काळा, कडेस पिंवळी रेघ असलेला डाग वर किंवा खालीं सरकत जातो, व कोंवळा कोंब धरून ओढला तर अलगद हातांत येतो. सुपारीवर आपण बोर्डो मिश्रण फवारतों, म्हणून तेंच येथें फवारण्याची इच्छा होते. तसें करूं नये. डेन्ड्रोबियमच्या पानांस तांबेयुक्त औषधांची बाधा होते, व रोगानें न गेलेलें झाड औषधानें जातें. या रोगावर मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल असलेलीं औषधें वापरतात; त्यांचें प्रमाण कृषि अधिकाऱ्यास विचारून ठरवावें. रोगट भाग कापून जाळावा, व कुंड्यांमधील अंतर वाढवून वारा खेळता करावा.

किडींपैकीं पिठ्या ढेकूण व खवले कीड पानांच्या बेचक्यांत दडतात. मुंग्यांची रांग कुंडीवर चढतांना दिसली कीं त्या शोधाव्या, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठींच येतात. स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें त्या पुसून काढाव्या व आठवड्यानें पुन्हा पाहावें. एका पुसण्यानें त्या संपत नाहींत. पानाची खालची बाजू चांदीसारखी खरबरीत दिसली तर ती लाल कोळ्याची खूण. कोरड्या उन्हाळ्यांत ती अधिक आढळते, व पानें खालून धुणें हाच तिच्यावरील सोपा उपाय. गोगलगायी रात्रीं येऊन मुळांचीं कोंवळीं टोंकें खातात; कंदील घेऊन एक फेरी मारावी.

शेवटीं विषाणु रोग. सिंबिडियम मोझॅक व ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणु जगभर ऑर्किडांत आढळतात. पानावर फिक्या-गर्द हिरव्या पट्ट्यांची नक्षी, काळपट चकत्या किंवा वर्तुळें, फुलांत रंगाचे तुटक फांटे, हीं त्यांचीं लक्षणें होत. पण झाड दीर्घकाळ वरून चांगलेंहि दिसूं शकतें. यांवर औषध नाहीं. ते मुख्यतः आपल्याच कात्रीनें व हातांनीं पसरतात. दुसरा विषाणु तंबाखूच्या मोझॅकच्या गटांतला असून सुकलेल्या पात्यावरहि टिकून राहतो. म्हणून एका झाडाचा तुरा कापून दुसऱ्यास हात लावण्यापूर्वीं पातें ज्योतीवर लाल होईतों तापवावें. मजूर लावून फुलें तोडणाऱ्यानें दोन-तीन पातीं ठेवावीं, म्हणजे एक तापत असतां दुसऱ्यानें काम चालतें. संशयित झाड जाळावें. त्याचीं पिल्लें वेगळीं करून विकूं नयेत, कारण रोग त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरीं जातो.

नव्यानें लागवड करणारास माझें इतकेंच सांगणें आहे कीं, प्रथम शंभरांपेक्षां अधिक कुंड्या घेऊं नयेत, व एक सबंध पावसाळा त्यांच्यासह काढावा. रोपें घेतांना फुलांकडे न पाहतां दहांत एक रोप कुंडींतून काढून दाखविण्यास सांगावें. जो विक्रेता तें नाकारील, त्याचीं रोपें त्याच्याचपाशीं राहूं द्यावीं. आणलेलीं रोपें महिनाभर जुन्या झाडांपासून दूर ठेवावीं.

मुळें बहुतेक गेलेलें झाडहि सर्वस्वीं टाकून देण्याजोगें नसतें. तें उपसून, कुजलेलीं मुळें तापविलेल्या पात्यानें कापावीं, वाहत्या पाण्याखालीं धुवावें, व एक दिवस सांवलींत उघडें सुकूं द्यावें. नंतर लहान कुंडींत स्वच्छ कोळशावर उभें करून काडीस बांधावें, कारण हलणाऱ्या झाडास नवें मूळ धरत नाहीं. दाट सांवलींत ठेवावें, सभोंवतालची जमीन शिंपून हवा दमट राखावी, व कोळसा वरून नुसता ओलावत जावा. नवें मूळ फुटण्यास दोन-तीन महिनेहि लागतात, आणि तोंपर्यंत पानें सुरकुतलेलींच राहतात. त्यामुळें पाणी वाढवूं नये. मूळ फुटून दोन बोटें लांब झालें म्हणजे पहिलें खत द्यावें, तेंहि लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या प्रमाणानें.